मन फिरल्याचा निरोप

लग्न झालं आणि पोराचं मन फिरलं, असं बायका सहज बोलून जातात. आमच्या घरात तेवढं बोलायची सोय नव्हती. कुणी पाहुणी चुकून बोललीच, तर आई घाईघाईनं चहाचं विचारायची आणि बाबा उठून बाहेर जायचे.

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, तिथे आधी आले. एका ठेकेदाराकडे ते रिगर होते; जड लोखंड रश्शानं बांधून वर चढवायचं काम. त्यांनी बाबांना गोंदियाकडच्या आमच्या गावाहून बोलावून घेतलं आणि गाठी मारायला शिकवल्या. बाबा डावखुरे, त्यांची प्रत्येक गाठ उलटी पडायची. ‘गाठ उलटी, डोकंही उलटं,’ म्हणून मोठे बाबा चिडवायचे. टिनाच्या एकाच खोलीत आमची एक चूल होती. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळे मला दोन आया. मोठी आई भरवायची, माझी आई रागवायची.

एकदा वर चाललेला लोखंडी अँगल रश्शातून निसटला आणि खालच्या मजुराचा पाय मोडला. मजूर कुरुद गावचा, छत्तीसगढी. फोरमन ओरडत आला, “किसने बाँधा?” बांधला होता बाबांनी. बोट त्यांनी भावाकडे दाखवलं. मोठ्या बाबांनी रश्शात अर्धवट राहिलेल्या गाठीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. त्यांचं काम गेलं. मोठ्या आईला घेऊन ते गावी निघाले तेव्हा आई रडली, मी तर लोळण घेतली. बाबा ड्युटीवर होते. हे सगळं नीट मला पुष्कळ पुढे आईनं सांगितलं.

आम्ही आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. गावी प्रार्थना मराठीत, तिथे शब्द होता पश्चात्ताप. लहानपणी मला तो अंगात भरलेल्या तापासारखा वाटे, क्विनाईन घेतलं की उतरणारा. बाबांना तो भरपूर चढला होता. जेवताना घास तसाच हातात धरून बसत. पण नुसतं बसून काय होतं? मोठे बाबा गावी आणि हे इथे.

भिलाईत उपासना हिंदीत चाले, कारण मल्याळी, तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी असे सगळे एकाच शेडमध्ये बसत. पास्टरसाहेब केरळचे, हिंदी त्यांचीही उसनीच. पश्चात्ताप करा, याला ते पुन्हा पुन्हा म्हणत, “मन फिराओ.” एका रविवारी उपासना संपल्यावर बाबा मागे थांबले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना म्हणाले की मन फिरलं म्हणूनच तर मी भावाला बुडवलं, आता आणखी काय फिरवू?

पास्टरसाहेब हसले नाहीत. बाबांनी केलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, मग खांद्याला धरून त्यांना आख्खं वळवलं. “जिधर से भागे हो, उधर चलो,” एवढंच म्हणाले. रडण्यानं देव खूश होत नाही, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जायचं, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला.

बाबा निघाले. आधी फोरमनकडे गेले, खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि रिगरचे हेल्पर झाले. मग कुरुदला त्या मजुराकडे गेले. तो लंगडत बाहेर आला आणि म्हणाला, “जउन होगे तउन होगे, भइया,” झालं ते झालं. उरले मोठे बाबा. त्यांच्या तोंडून ‘माफ केलं’ ऐकल्याशिवाय बाबांना चैन पडणार नव्हतं. पण भट्टी पेटायची होती, रजा कुणालाच मिळत नव्हती. आणि बाबा भ्याले होते. रजेचं निमित्त त्यांना बरंच पडलं, असं मी आज म्हणते. आई कधी म्हणाली नाही.

तो मजूर नात्यातल्या एका लग्नासाठी आमच्या गावाकडे निघाला होता. बाबांनी त्याच्याकडे निरोप दिला, चर्चमध्ये शिकलेल्या हिंदीत. “मेरे भाई से कहना, मेरा मन फिर गया है.” एवढ्यात सगळं आलं असं त्यांना वाटलं.

बिचाऱ्यानं निरोप इमानानं पोहोचवला. अंगणात उभं राहून सांगितलं, “तोर भाई के मन फिर गे हे.” आणि मोठ्या बाबांनी तो मराठीत ऐकला.

उत्तर आलं नाही. “दादा अजून रागातच हाये,” बाबा म्हणत राहिले. नाताळची रजा मिळाली तशी मला घेऊन गावी गेले. मोठी आई अंगणात एकटीच तांदूळ पाखडत होती. मोठे बाबा पावसाळ्यातच तापानं गेले होते.

“मले कळवलं कावून नाही, वहिनी?” बाबा ओरडलेच.

“कोनाले कळवू, भाऊजी? तुमचं मन फिरलं म्हनून निरोप तुमीच धाडला ना?”

बाबांनी तिला शब्द समजावून सांगितला. चर्चमध्ये त्याचा अर्थ काय, पास्टरसाहेब काय म्हणाले, सगळं. मग तिनं आम्हांला गावाबाहेर कबरीवर नेलं. बाबा मातीवर हात टेकून म्हणाले, “दादा, मीच बांधला होता.”

“त्यायले माहीत होतं,” मोठी आई म्हणाली. “गाठ डाव्या हाताची होती.”

“मंग बोलला कावून नाही?”

“म्हनत, तो सोताच सांगायले येईन. तुमचा निरोप आला तरी तेच. मन फिरलं असन, म्हनत, पाय फिरतीन त्याचे. तापात पडून राहिले तरी दाराकडेच पाहत.”

बाबा तिथेच बसून लहान मुलासारखे रडले. देवानं त्यांना माफ केलं असेल, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मोठ्या बाबांनी तर अँगल पडला त्याच दिवशी केलं होतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐकायला बाबा वेळेवर पोहोचले नाहीत, आणि याचा राग मला त्यांच्या माघारीही येतो.

आमच्याबरोबर भिलाईला चल म्हटलं, तर मोठी आई आली नाही. वाटेसाठी भाकरी मात्र फडक्यात बांधून दिली. गोंदिया स्टेशनवर बाबांनी ते फडकं मांडीवर घेतलं, डाव्या हातानं ओढत राहिले, पण गाठ सुटेना. शेवटी ती मीच सोडली.