मागच्या सीटचं वजन

वाळूजच्या कंपनीतून फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी लेसच्या भावावरून वाद घालत होते. पलीकडचा माणूस घाबऱ्या आवाजात म्हणाला, “दिगंबररावांच्या मिसेस ना? त्यांना दवाखान्यात आणलंय, तुम्ही लगेच या.” मला वाटलं, हा फसवायचा फोन. हल्ली असे फोन रोज येतात. मी म्हटलं, “तुम्ही कंपनीतले ना? मग सांगा, ते घड्याळ कोणत्या हातात घालतात?”  तो हळूच म्हणाला, “ताई, घड्याळ माझ्याकडेच दिलंय त्यांचं... उजव्या हातातून काढलं.” उजव्या हातात घड्याळ घालणारा माणूस शहरात शोधून सापडणार नाही. मी गल्ला उघडा टाकून निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. हृदयविकाराचा झटका, एवढंच डॉक्टर म्हणाले.

आता त्याला काही आठवडे झाले. माणूस गेला की लोक त्याचं चांगलंच बोलतात. मीही बोलेन, पण आधी जे माझ्या मनात अडकलं होतं ते सांगते. नाहीतर माझं चांगलं बोलणंही कोणाला खरं वाटणार नाही, आणि मला स्वतःला तर मुळीच नाही.

शहागंजात मी फुटपाथवर चादर अंथरून बटणं आणि अस्तर विकायला बसायचे तेव्हापासूनचा आमचा संसार. पुढं दुकान झालं, ते माझ्या जिभेच्या जोरावर. दिगंबर कंपनीत फिटर. बोलणं कमी, हातात सतत काहीतरी पाना. त्यांना एकच नाद, लांब जायची मोटारसायकल. ती आम्ही जुनी घेतली, आणि तिचा सौदाही मीच केला. विकणारा शेवटी वैतागून म्हणाला होता, “दादा, पुढच्या वेळी बाईंना घरी ठेवून या.” हे खाली बघून हसत होते. त्या गाडीवर आम्ही लोणार पाहिलं, माहूर पाहिलं, सिल्लोडवरून अजिंठ्याला तर किती वेळा गेलो. मी मागे, ते पुढे.

मागे माणूस बसणार म्हटलं की त्यांच्या दृष्टीने गाडी वेगळी व्हायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी तासभर त्यांचा कार्यक्रम चाले. मागच्या चाकात हवा जास्त. मागच्या दोन्ही शॉकअपच्या खाली खाचांची रिंग असते, ती हुकपान्याने फिरवून स्प्रिंग घट्ट करायची, म्हणजे खड्ड्यात गाडी खाली आपटत नाही. मग मला मागे बसवायचं, स्वतः पुढे बसायचं आणि शेजाऱ्याला वाकून चेनचा ताण बघायला लावायचा. दोघं बसल्यावर पुढची बाजू उचलते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, म्हणून भिंतीवर खडूने रेघ मारून झोत तिच्याखाली आणायचा. आणि हे सगळं झालं की मागं मान वळवून विचारायचे, “लागतंय का?” म्हणजे गाडी खाली टेकतेय का. मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. “बघू,” म्हणायचे. पहिल्याच बोलीला मान डोलवायची मला सवय नाही.

परत आलो की जेवायला बसायच्या आधी हुकपाना घेऊन खाली जायचे आणि रिंग पुन्हा सैल करायचे. मी ओरडायचे, “अहो, भाकरी गार होतेय, उद्या करा की!” तर म्हणायचे, “एकट्याने अशी गाडी चालवली की ती उडवते. आणि गाडीशी खोटं बोलू नये.” हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी मागे बसणं सोडलं. त्याचं असं झालं. पडेगावला हनीफभाईंच्या अंगणातून आम्ही पैठणला निघणार होतो. हनीफभाई म्हणजे यांचे कंपनीतले जुने जोडीदार, आता रिटायर. आणखी दोन-तीन जोडपी जमली होती. यांनी नवे शॉकअप बसवले होते, त्यांची रिंग नव्याने लावायची तर मागच्या माणसाचं वजन लागतं. मला विचारलं. चारचौघांत! मी जवळ जाऊन कानात आकडा सांगितला. हे सरळ झाले, पाना उचलला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, “शेठाणीनं सांगितलेल्यात दहा मिळवायचे!” अंगण हसलं. हनीफभाईंची बायकोसुद्धा पदराआड हसली. मी गिऱ्हाइकाला भाव सांगते तेव्हा लोक त्यातून कमी करतात, ते मी समजू शकते, तो धंदा आहे. पण नवऱ्याने बायकोच्या शब्दात दहा मिळवावेत? मी हेल्मेट काढून अंगणात ठेवलं, रस्त्यावर आले आणि रिक्षा करून घरी गेले.

ते मागोमाग आले. अंगणात राहिलेला माझा हिरवा रेनकोट तेवढा परत आणला, दाराआडच्या खिळ्याला अडकवला. “मस्करी केली,” म्हणाले. मी म्हटलं, “तो आकडा खरा होता, एवढं बोला, मी उद्या बसते.” ते बोलले नाहीत. मी बसले नाही. मी सांगितलेला आकडा खरा होता की नव्हता हा प्रश्न इथं नाही. मुद्दा शब्दाचा होता. त्यानंतर दर रविवारी ते एकटेच जायचे. कंपनीला बसने जाणं असल्यामुळे गाडी फक्त रविवारीच निघायची. मी दुकान उघडायचे. “कुठं जाताय?” विचारलं की “असंच, पैठण रोडनं.” “कुणाबरोबर?” “एकटाच.”

ते गेल्यावर गाडी विकायची ठरवली. एक गृहस्थ बघायला आले, बँकेतले, सभ्य. चक्कर मारून आले आणि म्हणाले, “गाडी छान आहे, पण मागून फार कडक आहे हो, मला नुसती उडवत होती.” मी वाकून बघितलं. रिंग वरच्या खाचेत, गच्च. मी कितीतरी वेळा बघितलेली खाच... दोन माणसांची.

माझ्या कानशिलात आग पेटली. जो माणूस भाकरी गार होऊ द्यायचा पण रिंग सैल केल्याशिवाय जेवायचा नाही, त्याची गाडी दोन माणसांना लावलेली. मग एकटाच म्हणजे काय? त्या गृहस्थांना मी असा भाव सांगितला की ते चप्पल घालून निघून गेले.

मग मला एकेक आठवायला लागलं. दुकानाशेजारच्या नसीमबाजी भेटायला आल्या तेव्हा रडता रडता बोलून गेल्या होत्या, “पावसाळ्यात एकदा बिडकीनजवळ दिसले होते गं दोघं तुम्ही... तुझा तो हिरवा रेनकोट...” तेव्हा मी ऐकलं आणि सोडून दिलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. आता उठून दाराआडचा खिळा बघितला. रेनकोट नव्हता. कपाटात नाही, माळ्यावर नाही. माझा रेनकोट दुसऱ्या बाईच्या अंगावर! माझं यांच्या जाण्याचं रडू थांबलं, खरं सांगते. फोटोला घातलेला हार काढावासा वाटला. काढला नाही, पण फोटोकडे पाठ करून जेवले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून पडेगावला गेले. हनीफभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाण्याला हात लावला नाही.

“हनीफभाई, मागं कोण बसायचं?”

“किसके पीछे, भाभी?”

“उगा वेड पांघरू नका. रविवारी. माझा रेनकोट घालून.”

त्यांचा चेहरा असा झाला की माझी खात्रीच पटली. त्यांनी आत बायकोकडे बघितलं. बायकोने मान फिरवली. “भाभी, जाने दो ना अब. आदमी गया.”

“आदमी गया म्हणून तर विचारते. ते असते तर त्यांनाच धरलं असतं. नाव सांगा.”

“नाव नक्को पूछो,” ते म्हणाले, आणि अचानक त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. हसू! मी खुर्चीवरून उठलेच. तसे ते घाईने म्हणाले, “बैठो, बैठो... नाव है नहीं उसका. चलो, दिखाता.”

अंगणाच्या टोकाला पत्र्याचं शेड आहे. दार उघडलं. आत कोपऱ्यात माझा हिरवा रेनकोट उभा होता, डोक्यावर टोपी ओढलेली, बटणं लावलेली. हनीफभाईंनी टोपी मागे केली. आत गोणपाट. तोंड सुतळीने शिवलेलं, मध्यावर पट्टा. “रेती है,” ते म्हणाले. “हर इतवार सुबह आता, पीछे बांधता, घूम के आता, शाम को इधर रखता. मैं बोला, दिगंबर, स्प्रिंग ढीला कर, दो मिनट का काम है. बोलता, नक्को, वो बैठने वाली है. कभी भी बैठेगी. तब तक गाड़ी की आदत नहीं बिगड़नी.”

“आणि रेनकोट?”

“बारिश में रेती भीगी तो वज़न बढ़ता ना.”

 मग जे सुचलं तेच बोलले. “मला का नाही सांगितलं?”

हनीफभाईंची बायको दारातून म्हणाली, “बताते तो तुम क्या बोलते, भाभी? मेरे कू बोरी बोला, बोलते.”

बोलले असते. आणि तिथं शेडमध्येही मला राग आलाच. माझ्या जागी पोतं! आणि खरं सांगायचं तर माझा विश्वासही बसला नाही. मित्र मेल्यावर मित्राची अब्रू राखायला माणसं काय काय रचतात, हे बाजारात बसणाऱ्या बाईला शिकवायला नको. पोतं काल भरलं असेल. रेनकोट कोणाकडून तरी परत आणला असेल. शिवण नवी वाटत होती. मी म्हटलं, “हे मी घेऊन जाते.” हनीफभाईंनी गुपचूप रिक्षात चढवून दिलं.

घरी नाही नेलं. शहागंजात आमच्या समोर धान्याचं दुकान आहे, त्यांच्या काट्यावर हमालाकडून ठेवून घेतलं. धान्यवाले म्हणाले, “ताई, वाळूचा धंदा कधीपासून?” मी म्हटलं, “तुम्ही तिकडं बघा,” आणि काट्याच्या आकड्यावर हात आडवा धरून एकटीने वाकून बघितलं.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. तो मी आयुष्यात एकाच माणसाच्या कानात सांगितला होता. हनीफभाईंना ठाऊक असण्याचं कारण नाही, तिथं अंगणात ऐकू गेले होते ते फक्त दहा. काट्यावर तोच आकडा होता. मी सांगितलेला. त्यात दहा मिळवलेले नव्हते.

मी तिथंच धान्याच्या पोत्यांवर बसले. धान्यवाल्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, हे त्यांचे उपकार. म्हणजे यांनी माझा शब्द मान्य केला होता. कधी, ते मला कळणार नाही. फावड्याने वाळू भरताना, हनीफभाईंच्या अंगणात, काट्यावर थोडी काढत, थोडी घालत... माझ्या शब्दाला येऊन थांबले. आणि घरी येऊन माझ्यासमोर जेवले, आणि बोलले नाहीत. याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती राहणार. सौद्यात समोरचा हो म्हणाला तर ते आपल्याला ऐकू यायला हवं. पोत्याला सांगून काय उपयोग? मी समोर होते, ताटात भाकरी वाढत होते. गाडीशी खोटं बोलू नये म्हणणाऱ्या माणसाने बायकोशी एवढं खरं बोलायला काय हरकत होती?

बँकेतले गृहस्थ परवा पुन्हा आले. मी सांगितलेल्या भावाला तयार होते. नाही म्हटलं. ते म्हणाले, “आता भाव वाढवू नका ताई.” मी म्हटलं, “वाढवत नाही. विकायचीच नाही.” माझ्या तोंडून हे वाक्य दुकानात आजवर कोणी ऐकलेलं नाही. हनीफभाई म्हणाले, गाडी नुसती उभी राहणार असेल तर स्प्रिंग ढीला कर देता, ताणावर राहून खराब होईल. मी म्हटलं, राहू द्या. हुकपाना मी गल्ल्यात ठेवलाय, किल्ली माझ्याकडे.

रेनकोट दाराआडच्या खिळ्यावर परत आलाय. पोतं जिन्याखाली आहे. काल रविवार होता. दुकानात जायच्या आधी खाली उतरले, गाडी डबल स्टँडवरून काढली, भिंतीला टेकवून धरली आणि मागच्या सीटवर बसले. पुढे कोणी नाही, हँडल थोडं वाकडं. भिंतीवर त्यांची खडूची रेघ अजून आहे, पुसट. स्प्रिंग जराशी दबली आणि थांबली. मी थोडं उसळून बघितलं, “लागतंय का?” विचारताना ते करायला लावायचे तसं. पुन्हा दबली, पुन्हा थांबली.

नाही लागत.