स्वस्तातला कॅप्टन

वडीगोद्रीजवळ हायवेवर माझी गाडी पंक्चर झाली. तिथला पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता आणि मधेच हात पुसून मोबाइलवरच्या एका खेळात त्या दिवशीच्या खऱ्या कबड्डी सामन्यातले खेळाडू निवडून आपली टीम लावत होता. खेळ फुकटचा, बक्षीस काही नाही. प्रत्येक खेळाडूची किंमत क्रेडिटमध्ये ठरलेली, शंभर क्रेडिटमध्ये सात खेळाडू बसवायचे; कॅप्टनचे गुण दुप्पट. लोक दोन-तीन नावाजलेल्यांवरच सगळं उधळतात. यानं चार नवखे घेतले होते आणि त्यातल्या सगळ्यात स्वस्त पोराला कॅप्टन केलं होतं.

"याला तर कुणी ओळखत नाही," मी हसलो.

"मी बाकड्यावरचे बघतो साहेब. आपला गडी बाद झाला की हे पोरगं बसल्या जागी गुडघ्याची पट्टी आवळतं. मलाबी आमच्या मास्तरनं असंच बाकड्यावरून उठवलं होतं. पहिल्याच सामन्यात तीन पकडी केल्त्या."

गाडी तयार झाली, तेवढ्यात मोबाइलवर सामना सुरू झाला. मी थांबलो. थोड्या वेळानं ते पोरगं मैदानात उतरलं आणि त्यानं एका नामांकित चढाईपटूचा घोटा धरून त्याला बाद केलं.

पंक्चरवाला उभा राहिला, त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली.

"आज मास्तर पाह्यजे होते," म्हणाला.