घासलेलं चक्र

बंदूक-पिस्तूल दुरुस्तीला घेऊन मिस्त्रीकडे जाणाऱ्याला आधी बोलणी खावी लागत, काम त्यानंतर. नळीत गंज दिसला की तो चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, "हे काय, आंघोळीला नेली होती का?" आणि कोणी दुसऱ्याच जातीचं काडतूस पुढं करून "बसतंय की हो" म्हणालं तर झालंच कल्याण! "बसतंय म्हणून चालतंय होय रे? माझा जोडा तुझ्या पायात बसेल, म्हणून माझ्या घरी राहायला येशील?" समोरचा हसायचा. मिस्त्री हसत नसे. हे त्यानं आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं आणि एका माणसाच्या वेळी स्वतःच विसरला. विसरला कसला, डोळे झाकून घेतले त्यानं.

तो माणूस म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दाजी. दाजी एका कंपनीच्या रोकड कचेरीत पहारेकरी होते. नोकरी लागली होती ती घरचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं म्हणून. वडिलांच्या वेळचं, जाडजूड, मूठ झिजून गुळगुळीत झालेलं. वर्षातून एकदा साहेबांसमोर त्यातून सहा गोळ्या झाडून दाखवायच्या, तर नोकरी पुढं चालू. आणि नऊ वर्षांपूर्वी त्याची काडतुसं मिळायचीच बंद झाली.

त्या वर्षी दाजी दुकानातल्या मोडक्या स्टुलावर येऊन बसले. सोबत ताई. आईच्या माघारी मिस्त्रीला वाढवलं ते या ताईनं.

"काही होईल का रे?" दाजींनी विचारलं. "नाही म्हणालास तर उद्यापासून घरी बसतो."

ताई काही बोलली नाही. ती बोलली असती तर एखादे वेळी मिस्त्री चिडून नाही म्हणालासुद्धा असता.

उपाय त्याला ठाऊक होता. नव्या पिस्तुलांची काडतुसं जाडीला जवळपास तेवढीच होती, फक्त त्यांना बुडाशी जाड कड नव्हती. गोळ्या बसतात ते फिरतं चक्र मागून थोडं घासलं आणि काडतुसं पातळ पत्र्याच्या कड्यात अडकवली की चपखल बसत. पण त्या काडतुसाचा जोर जुन्या लोखंडाला पेलणारा नव्हता. वस्तादानं हे त्याला कान धरून शिकवलं होतं. मिस्त्रीनं स्वतःची समजूत काढली, की वर्षाला सहाच तर गोळ्या. संध्याकाळपर्यंत चक्र घासून झालं. धोक्याचं तो दाजींना काहीच बोलला नाही. बोलला असता तर दाजींनी ते हत्यार घेतलं नसतं, आणि ताईकडे बघून त्याला नाही म्हणवत नव्हतं.

त्या वर्षीच्या चाचणीत सहाही गोळ्या सुटल्या. दाजींची छाती फुगली. "आमच्या मेव्हण्याचा हात आहे, गंमत नाही!" असं ते जगभर सांगत सुटले आणि मिस्त्रीच्या दारात आणखी लोक आले. दाजींचं केलंत, मग आमचंच का नाही? याला खरं उत्तर दिलं तर दाजींचं रिव्हॉल्व्हर परत घ्यावं लागणार. मिस्त्रीनं आणखी सात चक्रं घासली. प्रत्येकाला दरडावून सांगितलं, वर्षाला सहाच्या वर झाडायच्या नाहीत. जणू डॉक्टरनं पथ्य सांगावं! लाज कशी वाटली नाही त्याला?

यंदाच्या चाचणीत चौथ्या गोळीला दाजींच्या हातातलं चक्र फुटलं. चक्रावरची लोखंडी पट्टी उडून मागं आली. अंगठा आणि दोन बोटं गेली, उजवा डोळा गेला.

इस्पितळात दाजी पट्ट्यांमधून रडत होते. "माझंच चुकलं रे. या वेळी नवी डबी आणली होती. घाईघाईत भलतीच काडतुसं उचलली असणार मी."

"तू कितीदा सांगायचास," ताई भावाला म्हणाली, "नीट बघून घ्या म्हणून. यांचं लक्ष असतं कुठं?"

पाणी आणतो म्हणून मिस्त्री उठला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. कोणालाच कळलेलं नव्हतं. कोणाला कळणारही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब दुकानात आले. शहरात जुन्या हत्यारांतलं कळणारा दुसरा होता कोण? त्यांनी कापडाची पुरचुंडी सोडून फुटलेलं चक्र टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूवर कानशीचे ओरखडे होते, तिरपे, डावीकडून उजवीकडे. आपलं अक्षर ओळखावं तसे मिस्त्रीनं ते ओळखले.

"डबी आम्ही पाहिली, पण आम्हाला त्यातलं काय कळणार?" साहेब म्हणाले. "पहारेकरी स्वतः चूक कबूल करतोय. चुकीचं काडतूस, निष्काळजीपणा, एवढ्या दोन ओळी लिहून द्या. फाइल बंद. त्याची पेन्शन जाईल, पण त्याला इलाज नाही."

मिस्त्रीनं पेन उचललं. दोन ओळींत त्याचं दुकान वाचत होतं, परवाना वाचत होता, ताईसमोर जायला तोंड राहत होतं. पण ती उरलेली सात? फाइल बंद झाली की ती रिव्हॉल्व्हरं पुन्हा चाचणीला उभी राहणार. कोणाची चौथी गोळी असेल, कोणाची पहिली. त्यानं पेन खाली ठेवलं.

"साहेब, काडतूस त्यानं बरोबर आणलं होतं," तो म्हणाला. "म्हणजे मीच आणायला सांगितलं होतं तेच. चक्र मी घासलंय. फुटू शकतं हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं." त्यानं समोरचा कागद बाजूला सारला. "आणखी एक कागद द्या. अशी अजून सात आहेत."

संध्याकाळी इस्पितळात त्यानं दाजींना आणि ताईला सगळं सांगितलं.

"म्हणजे डबी बरोबर होती?"

"बरोबर होती, दाजी."

"दोनदा वाचली होती रे मी. तीन दिवस झाले, मला वाटतंय माझं डोकंच फिरलं." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईनं भावाचा हात धरून त्याला खोलीबाहेर नेलं आणि दार लावून घेतलं.

दुकानाला सील लागलं. दाजींची पेन्शन वाचली. सातांपैकी सहा रिव्हॉल्व्हरं महिन्याभरात जमा झाली. त्यातल्या दोन चक्रांना केसाएवढी भेग गेलेली होती. सातवा मालक शहर सोडून गेला होता आणि त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता. मिस्त्री आता रोज सकाळी त्या माणसाच्या जुन्या शेजाऱ्यांची, नातेवाइकांची दारं ठोठावत फिरतो. काहीजण त्याला वेडा समजतात.

ताई दुपारी त्याच्या घरी जेवणाचा डबा घेऊन येते. टेबलावर ठेवते, बसत नाही. पूर्वी ती तासभर बोलत बसायची. आता दारातून एवढंच विचारते, "सातवं सापडलं?"

मिस्त्री नाही म्हणून मान हलवतो. ती कालचा रिकामा डबा उचलते आणि जाते.