कोबुकवरच्या काकू

काकू जगात कुणाशीही मराठीतच बोलायच्या. इंग्रजी येत नव्हतं अशातला भाग नाही. मॅट्रिकला त्यांना इंग्रजीत चांगले मार्क होते. पण "बोलणं माझं काम, समजणं त्यांचं," अशी त्यांची सरळ वाटणी होती. फेअरबँक्सच्या दुकानात त्या "जरा ताजा बघून दे रे," म्हणायच्या आणि काउंटरवरचा सहाफुटी माणूस खरोखरच मागच्या खोक्यातला कोबी काढून द्यायचा.

त्या मूळच्या संगमेश्वरच्या. मुलगा अलास्कात इंजिनिअर, म्हणून त्याच्याकडे येऊन राहिलेल्या. मी पुण्याहून तिथे रिसर्चला गेलेलो. गावात मराठी माणसं इनमिन पाच, त्यामुळे रविवारी काकूंकडे जेवणं हा माझ्या कोर्सचाच भाग होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका उन्हाळ्यात आमचा प्रोजेक्ट कोबुक नदीवर निघाला. ही नदी आर्क्टिक सर्कलच्याही वर. तिथे रस्ता जात नाही, छोट्या विमानाने उतरायचं. काठावर राहणाऱ्या इनुपियाक लोकांनी तिच्या प्रत्येक वळणाला, प्रत्येक डोहाला नाव दिलेलं होतं आणि ती नावं गोळा करणं हा माझा थीसिस होता. निघायच्या आठवड्यातच कॅम्पचा कुक आजारी पडला. रविवारी जेवताना मी रडगाणं गायलं.

"किती माणसं?" काकूंनी पोळी वाढता वाढता विचारलं.

"सात."

"आई, तिथे अस्वलं आहेत," मुलगा म्हणाला.

"असू देत. मला त्यांना जेवायला वाढायचं नाहीये ना?"

अशा रीतीने काकू साडीवर गमबूट चढवून विमानात बसल्या.

तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. काकूंनी तो त्याचा प्रश्न मानला. घड्याळात सात वाजले की लख्ख उन्हात त्या देवापुढे मेणबत्ती लावायच्या आणि आमच्या प्रोफेसरांसकट सगळ्यांना हात जोडायला लावायच्या. नदीतला शीफिश नावाचा हातभर लांब मासा त्यांनी पहिल्याच दिवशी मसाला लावून तळला. खाऊन म्हणाल्या, "आपल्या खाडीतला नाही, पण स्वभावाने चांगला आहे."

माझं काम मात्र अडलं होतं. सगळी नावं माहीत असणारी एकच म्हातारी उरली होती. तिला सगळे आना म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. ती कॅम्पवर यायची, चहा प्यायची आणि मी टेपरेकॉर्डर काढला की उठून जायची. आधीच्या दोन टीम्सनाही तिने असंच परत पाठवलं होतं. तिच्या मुलांना निम्मी नावंसुद्धा येत नव्हती.

एका सकाळी आना काठावरून मूठभर हिरव्या काड्या खुडून घेऊन आली. तिकडे रानकांदा उगवतो. काकूंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अगंबाई, पात."

आना थबकली. काड्यांकडे बोट करून म्हणाली, "पातिताक."

"तेच म्हणतेय मी. कांद्याची पात."

"पातिताक."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसत सुटल्या. हसू ओसरेल असं वाटलं की कुणीतरी एक हळूच "पात" म्हणायची आणि पुन्हा सुरू. आना पिठाच्या पोत्यावर बसली, काकूंना तंबूचा खांब धरावा लागला. हा निव्वळ योगायोग आहे, असं प्रोफेसरांनी समजावून बघितलं. "त्यांना सांग," काकू मला म्हणाल्या, "आधी पिठलं खा, मग बोला."

पातीचं पिठलं खाताना काकूंनी आनाला काहीच विचारलं नाही. हवेत बोटाने वळणं काढत आपल्याच माहेरच्या नदीचं मराठीत सांगत बसल्या. इथे गाईचा उतार, पुढे भुताचा डोह, तिथे माझी चुलती पडली होती. आनाने ऐकून घेतलं आणि मग तिनेही हाताने हवेत नदी काढून आपलं पहिलं वळण सांगितलं. मी टेपरेकॉर्डर तिच्यासमोर ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण उठली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तंबूत दोन नद्या वाहायच्या.

उन्हाळा सरता सरता कॅरिबू हरणांचे कळप नदी ओलांडू लागले तेव्हा आनाने काकूंना होडीत घेतलं. काकूंना पोहता येत नव्हतं. ती शेकडो शिंगं पाण्यावर तरंगत येताना पाहून त्या होडीत उभ्याच राहिल्या आणि ओरडणार तेवढ्यात आनाने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पुढचे कॅरिबू बिचकले तर मागचा कळप वाट सोडतो, म्हणून पहिल्यांना निमूट जाऊ द्यायचं. काकू अर्धा तास गप्प बसल्या. गप्प बसलेल्या काकू मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. पण दोघींचे खांदे हसण्याने असे गदगदत होते की होडीच डुलत होती.

त्या हिवाळ्यात आना गेल्याचा फोन आला. मी काकूंकडे गेलो. त्यांनी गॅस बंद केला, खुर्ची ओढली. "वही आणलीस? वाच."

मी एकेक नाव वाचत गेलो, त्या "हं" म्हणत गेल्या. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. "असं नाही. घशाच्या तळातून काढ." सहा महिने टेप ऐकत होतो मी, पण बरोबर त्याच होत्या. 'सासू घसरली ती दरड' अशा अर्थाचं एक नाव आलं, तेव्हा त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

शेवटचं नाव झाल्यावर मी वही मिटू लागलो.

"उघडीच ठेव," काकू म्हणाल्या. "आता मी म्हणते, तू चुका काढ."

त्या डोळे मिटून सुरू झाल्या. आठ नावं बरोबर आली. नववं त्यांनी तसंच घशाच्या तळातून, आनाच्या सुरात काढलं. मी म्हणालो, "काकू, हे वहीत नाहीये."

"मग लिही," त्या म्हणाल्या.