दामूदादाचे तंबाखूचे डबे

दामूदादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू जाऊन करपलं आणि मला त्याचा वास आला. काही वर्षांपूर्वी आला नसता. मुरबाडहून त्याच्या गावाकडे जीपनं जाताना तेच मनात होतं, हे नाक मला त्यानं परत दिलंय.

दादा माझा चुलतभाऊ. जन्मभर मालवाहू जहाजावर फिटर होता. निवृत्त होऊन आला तो तोंडात पाईप घेऊनच. विडी ओढणाऱ्या गावात हा एकटा पाईपवाला, त्यामुळे लोक त्याला साहेब म्हणून चिडवत आणि तो खूश होई. पुढे हृदयाच्या दुखण्यानं डॉक्टरांनी पाईप बंद केला. तंबाखूचे डबे मात्र त्यानं टाकले नाहीत. मग तापाची मोठी साथ आली, तीत आम्ही दोघंही पडलो. तो उठला, मीही उठले, पण माझा वास गेला. डाळ लागली तरी कळेना, जेवण नकोसं झालं, मी वाळत चालले. तेव्हा त्यानं निरोप धाडला, "रविवारी येत जा. नाकालाबी शिकवाय लागतं."

पडवीत बसवून तो मला डोळे मिटायला सांगे. एकेक डबा नाकाशी धरी आणि सांगे, ही व्हर्जिनिया, उन्हातला पेंढा आठव. ही बर्ली, भाजलेल्या शेंगांची टरफलं. हा पेरीक, दाबून मुरवलेला, मोहाची फुलं आंबतात तसा. आणि लताकिया म्हणजे धुरावर सुकवलेलं पान, भातपेरणीआधी आपण शेतात पालापाचोळ्याचा राब जाळतो, अगदी तो वास. "काय येतंय गो?" तो विचारी. मी म्हणे, "काय नाय." तो म्हणे, "दम धर." कित्येक महिने असेच गेले... आणि एका रविवारी मला राब आला. मी रडले, तो नुसता हसत बसला. मग हळूहळू बाकीचेही आले.

एकदा त्यानं पेरीकचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "दादा, हा तर लताकिया."

"नाय गो, झाकणावर बघ. पेरीकच. मोहाची फुलं आठव." त्यानं स्वतः भरपूर हुंगलं. "पेरीकच हाय."

आतून वहिनी म्हणाली, "काल डबे पुसलं मी. झाकणं इकडची तिकडं झाली असतील."

दोन्ही तंबाखू दिसायला काळेकुट्ट. पण लताकियाचा वास उंबऱ्यापर्यंत येतो, तो चुकणं शक्य नाही. दादानं डबा खाली ठेवला आणि बाहेर बघत राहिला. त्याचंही नाक त्याच तापात गेलं होतं. इतके दिवस तो मला सगळं आठवणीतून शिकवत होता. त्या दिवसापासून मी नुसतं "आला" म्हणणं सोडलं. पेंढा कालचा की जुना, राब ओला की कोरडा, सगळं पाल्हाळ लावून सांगू लागले. तो डोळे मिटून ऐके आणि मधेच विचारी, "गोडसर हाय का?"

दिवसकार्य उरकल्यावर वहिनीनं चहा दिला आणि माझ्याजवळ बसली. "त्यांचं नाक काय परत आलं नाय," ती म्हणाली. "पर तू सांगून गेलीस का सांजच्याला मला म्हनायचे, आज बरा वास आला."