ग्रंथिक सन्निपात

छत्रीच्या टोकानं वैद्यांनी माझ्या भावाचा हात वर उचलला. हातानं नाही. छत्रीच्या टोकानं.

भाऊ पाच वर्षांचा, तापानं फणफणलेला. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, प्लेगची पहिली साथ होती. आम्ही कातडं कमावणारी माणसं. आमच्या अंगाला वैद्याचा हात लागत नसे. आजाऱ्याला बोळाच्या तोंडाशी आणून भुईवर ठेवायचं आणि आपण लांब सरायचं, अशी रीत. आईनं तसंच केलं होतं.

काखेत लिंबाएवढी गाठ. आई हात जोडून म्हणाली, "जी, दवंडीत सांगत्यात त्योच का ह्यो गाठीचा ताप?"

दवंडी रोज फिरायची. गाठीचा ताप आला की आजाऱ्याला वेगळं ठेवा, त्याची अंथरुणं जाळा, घर सोडून माळावर झोपड्या घाला.

वैद्य म्हणाले, "ग्रंथिक सन्निपात."

"म्हंजी काय जी?"

"शास्त्राचे शब्द आहेत. त्यांचा अर्थ तुमच्या कानांसाठी नाही."

जाताना त्यांनी छत्रीचं टोक मातीत घासून घासून साफ केलं.

आई माझी भाबडी. तिला वाटलं, वैद्यांनी नाव दुसरंच घेतलं, म्हणजे हा तो ताप नव्हेच! केवढी हरखली ती. शेजारणीला सांगत सुटली, "त्यो ताप न्हाय बाई माझ्या लेकराला! देवानं राखलं." आम्ही घर सोडलं नाही. आई त्याला कुशीत घेऊन त्याच्याच वाकळेत निजली. भाऊ गेला. मागोमाग आईच्या जांघेत गाठ उठली. तीही गेली. मला मावशीनं उचलून नेलं म्हणून मी उरले.

पुढं महाराजांनी आमच्या पोरींनाही शिकायची वाट करून दिली. मी दवाखान्यात नर्सचं काम शिकायला लागले. बाक माझा वेगळा, भिंतीकडेला. शिकवणारे डॉक्टर एकेक शब्द फोडून दाखवायचे. क्षय म्हणजे झिजणं. धनुर्वात म्हणजे अंग धनुष्यासारखं वाकवणारा वात. मला लई गोडी लागली होती त्याची. एक दिवस ते म्हणाले, "ग्रंथि म्हणजे गाठ. सन्निपात म्हणजे वात, पित्त, कफ तिन्ही बिघडून आलेला ताप."

गाठीचा ताप. अगं आई गं! एवढंच? एवढंच होतं त्यात?

बाकावर डोकं टेकून मी हमसून हमसून रडले. आईनं बरोबर तेच विचारलं होतं की! नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं त्या माणसानं. जीभ झडली असती काय त्याची?

डॉक्टर माझ्याकडं न बघता पोरींना म्हणाले, "हे रोग्यांना सांगत बसायचं नसतं. शब्दाचा दरारा राहिला पाहिजे."

मी उभी राहिले. म्हणाले, "मी सांगणार."

"मग इथं शिकता येणार नाही."

"शिकणार बी, आन् सांगणार बी."

त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं. मी व्हरांड्यात दाराशी बसले आणि उरलेला धडा ऐकला. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसले. शिपाई उठवायला आला, उठले नाही.

आई काही परत यायची नाही. तिच्यासाठी अजून रडते, रडणारच. पण ज्याच्या घरात मरण शिरलंय, त्याला त्याचं नाव मी त्याच्याच बोलीत सांगणार, त्याच्या उंबऱ्याच्या आत जाऊन सांगणार. पुढं मिळेल ती नोकरी गेली तर गेली. गप बसणार नाही.