निळी डॉक्टरीण आणि आमच्याकडचं सुतक

एका निळ्या बाईमुळे माझ्या लेकीचा साखरपुडा होता होता राहिला असता.

बाई परग्रहावरची डॉक्टर, एका इंग्रजी मालिकेतली. तिचं यानाच्या कॅप्टनवर प्रेम, त्याचं तिच्यावर. पण सगळी मालिका संपली तरी दोघं कामापलीकडे एक शब्द बोलली नाहीत! (आमच्याही संसारात तसंच आहे म्हणा.) मग कुणा एका चाहतीनं घरबसल्या मालिकेतले तुकडे जोडले, खाली एक संथ गाणं लावलं आणि छोटासा व्हिडिओ केला. काय केलाय! तो काचेवर हात ठेवतो, पलीकडून ती ठेवते, आणि नेमकं तिथंच गाणं थांबतं. मालिकावाल्यांना जन्मात सुचलं नसतं ते या पोरीनं गाण्याच्या एका कडव्यात बसवलं.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी मी पडवीत बसून तो पाहिला. बायको बोर्लीला बाजाराला गेलेली, लेक सायली आत मेंदी काढून घेत होती. काचेचा प्रसंग आला आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, खांदे गदगदा हलत होते! (मी भातगिरणी चालवतो. गिरणीवाल्यानं असं रडायचं नसतं.)

शेजारच्या सुगंधावहिनी कुंपणापाशी थबकल्या.

"काय झाला भावजी? मुंबईवरना फोन आला काय?"

मी हातानंच 'काही नाही' म्हटलं. तोंडातून शब्दाऐवजी हुंदका बाहेर पडला.

"अगो बाय! नानाकाका गेले!"

माझे चुलते नानाकाका मुंबईत आजारी आहेत, हे सगळ्या वाडीला ठाऊक. मी चष्मा पुसून नाकावर ठेवेपर्यंत अंगण भरलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून कुणी चहाची किटली आणली, कुणी भाकऱ्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं की कुणीतरी पाठीवरून हात फिरवायचं, "बोलू नको, आधी रडून घे," आणि कप पुढं करायचं. चहा चांगला होता, मी प्यायलो.

तेवढ्यात बायको हार-पेढे घेऊन रिक्षातून उतरली आणि अंगण बघून मटकन खाली बसली.

"अहो, कोण गेलं?"

"नानाकाका!" अख्खं अंगण म्हणालं.

"तू कसली काळजी करू नको," सुगंधावहिनी म्हणाल्या. "मी म्हसळ्याला व्याह्यांना फोन पन केला. सुतक हाय, साखरपुडा पुढं ढकला म्हनून."

हे ऐकून सायली मेंदीचे हात वर धरून धावत बाहेर आली. नवरा मुलगा परवा जहाजावर चढणार होता, तो थेट पुढच्या वर्षी उतरणार. आता लाज सांभाळायची की लेक?

"कुणी गेलं नाही," मी म्हणालो. "मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो."

"मंग रडत का व्हतास?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्या दोघांचं लग्न होत नाही म्हणून."

"कोन दोघांचा?"

"कॅप्टनचं. आणि निळ्या बाईचं."

सायलीनं कपाळावर हात मारून घेतला. मेंदी ओली होती.

"बाबा, इथं माझा साखरपुडा मोडतोय आणि तुम्ही तिच्यासाठी रडताय?"

मी व्याह्यांना फोन लावला. (स्पीकरवर! वाडीचा तसा आग्रहच होता.) सगळं सांगितलं.

"एवढं काय आहे त्यात?" व्याही म्हणाले. "पाठवा बघू."

पाठवला. थोड्या वेळानं विहीणबाईंचा घाबराघुबरा फोन.

"अहो, आमचे हे ओक्साबोक्शी रडतायत! नानाकाका खरंच गेले होय?"

त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावलं आणि साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. फोटोही झकास आलेत. पुढं सायली जावयाच्या बोटात अंगठी घालतेय आणि मागं आम्ही दोघे व्याही एका मोबाईलवर डोकी घालून डोळे पुसतोय. आता ज्याला तो फोटो दाखवावा, तो मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "काय रे, जावई एवढा नापसंत होता?"